औषध आधी, की दुखणं आधी?

दिवाळी सरली की मेळघाटातला रानआवळा परतवाड्याच्या बाजारात येऊ लागतो. बागेतल्या कलमी आवळ्यापेक्षा फळ बारीक, पण तुरटपणा अस्सल. अचलपूरच्या घराघरांत त्याचा मोरावळा होतो, सुपारी होते, लोणचं होतं, आणि 'पोटाला चांगला' म्हणून तो पुरवून पुरवून खाल्ला जातो. पोटाला चांगला, म्हणजे पोटातल्या नेमक्या कशाला? मुंबईत परळच्या के.ई.एम. रुग्णालयातल्या काही डॉक्टरांनी हा प्रश्न फार गांभीर्याने घेतला. औषधशास्त्राच्या डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. ऊर्मिला थत्ते, डॉ. निर्मला रेगे आणि पोटाचे शल्यविशारद डॉ. रवी बापट यांच्या गटाने आवळा एका भयंकर दुखण्यावर तपासून पाहिला. ते दुखणं म्हणजे स्वादुपिंडाचा तीव्र दाह, डॉक्टरांच्या भाषेत ॲक्यूट पॅन्क्रियाटायटिस. तपासणी माणसांवर नव्हती, कुत्र्यांवर होती. तिचा अहवाल १९९५ साली 'एचपीबी सर्जरी' या नियतकालिकात छापून आला.

त्या प्रयोगाचा निकाल चांगला होता. पण माझं लक्ष निकालापेक्षा त्याच्या वेळापत्रकावर खिळतं. कुत्र्यांना आवळा दिला गेला तो आजार होण्याआधी पंधरा दिवस. अचलपूरच्या उपजिल्हा रुग्णालयात पोट धरून येणारा माणूस येतो तो आजार झाल्यावर, बहुधा एक रात्र घरीच तळमळत काढून. या दोन वेळांमधलं अंतर नीट कळलं, की प्राण्यांवर यशस्वी ठरलेली इतकी औषधं माणसापर्यंत येता येता का गळून पडतात तेही कळतं.

आधी आजाराकडे पाहू. स्वादुपिंड जठराच्या मागे, कण्याला लागून आडवं पसरलेलं असतं. वजन शंभर ग्रॅमच्या आतबाहेर, पण रोज दीड लिटरच्या आसपास पाचकरस तयार करतं. मधुमेहामुळे आपल्याला त्याची ओळख इन्सुलिन बनवणारा अवयव अशी आहे. प्रत्यक्षात इन्सुलिनच्या पेशी त्यात अगदी थोड्या. बाकी जवळजवळ सगळा अवयव जेवण पचवणारी विकरं बनवण्यात गुंतलेला असतो. त्यातली काही विकरं मांस पचवतात, आणि स्वादुपिंड स्वतः मांसाचंच बनलेलं आहे. म्हणून शरीराने इथे कडक बंदोबस्त ठेवला आहे. ही विकरं निद्रिस्त रूपात बनतात, पेशीतल्या बंद कणांमध्ये साठतात आणि नळीवाटे लहान आतड्यात उतरतात. तिथे एंटेरोकायनेज नावाचं विकर ट्रिप्सिनोजेनचा एक तुकडा कापतं, त्याचं ट्रिप्सिन होतं आणि ते बाकीच्या सगळ्यांना जागं करतं. एखादा रेणू चुकून पेशीतच जागा झाला, तर त्याला तिथल्या तिथे जखडून ठेवणारं प्रथिनही पेशीजवळ तयार असतं.

हा बंदोबस्त मोडला की स्वादुपिंड स्वतःलाच पचवू लागतं. प्राग इथले विकृतिशास्त्रज्ञ हान्स कियारी यांनी १८९६ मध्ये हीच कल्पना मांडली, आणि थोडीफार दुरुस्ती होऊन ती आजही टिकून आहे.

मोडण्याची कारणं दोन मोठी. पित्ताशयातला बारीक खडा घसरत येऊन पित्तनलिका आणि स्वादुपिंडाची नळी जिथे एकत्र उघडतात त्या तोंडाशी अडकतो. १९०१ मध्ये अमेरिकेत यूजीन ओपी यांनी शवविच्छेदनात तो तसा अडकलेला पाहिला. दुसरं कारण दारू. मग ती देशी असो, मोहाची असो की महागड्या बाटलीतली. रक्तातल्या ट्रायग्लिसराइडचं प्रमाण फार चढणं हेही एक कारण आहे. आणि आपल्या कापसाच्या मुलखात आणखी एका कारणाची नोंद ठेवायलाच हवी: फवारणीची औषधं. ऑर्गनोफॉस्फेट गटातलं कीटकनाशक अंगात गेलं की मज्जातंतूंचा निरोप पोचवणारं ॲसिटिलकोलीन विघटित होत नाही, साठत जातं. घाम, लाळ, डोळ्यांतलं पाणी यांना जसा ऊत येतो तसा स्वादुपिंडालाही सतत 'रस सोड' असा हुकूम मिळत राहतो, आणि काही रुग्णांत त्याचा दाह होतो. २०१७ च्या पावसाळ्यात शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी आणि शेतमजूर दगावले, तेव्हा चर्चा श्वासाची आणि डोळ्यांची झाली. विषबाधेच्या रुग्णाचं पोट दुखत असेल तर लायपेजची तपासणी करून घेणंही तितकंच गरजेचं आहे.

दुखणं ओळखायचं कसं? वरच्या पोटात, बेंबीच्या वर, एकाएकी कळ उठते आणि ती थेट पाठीत निघते. माणूस पुढे वाकून बसला तर किंचित बरं वाटतं, उताणा झोपला तर वाढतं. उलट्या थांबत नाहीत. घरची माणसं आधी 'पित्त खवळलं' म्हणून थंड दूध देतात, मेडिकलमधून गुलाबी औषधाची बाटली आणतात. रक्तातलं ॲमायलेज किंवा लायपेज कमाल मर्यादेच्या तिप्पट किंवा त्याहून जास्त निघालं, आणि दुखणंही असंच असलं, तर निदान पक्कं होतं. साधारण पाचातले चार रुग्ण सलाइन, वेदनाशामक आणि विश्रांतीवर आठवड्याभरात सावरतात. पाचव्याचं मात्र पोटातलं दुखणं पोटात राहत नाही. फुप्फुसं भरतात, मूत्रपिंडं थकतात, रक्तदाब कोसळतो.

हे का होतं ते जिनिंगच्या आवारात ज्याने कापसाची गंजी पेटलेली पाहिली आहे त्याला लवकर कळेल. ठिणगी नखाएवढी असते; नासधूस ठिणगी करत नाही, पेटलेला कापूस करतो. आणि गंजी धडधडू लागल्यावर ठिणगी कुठून आली ते शोधून विझवण्यात काही हशील नसतं. स्वादुपिंडात जागं झालेलं ट्रिप्सिन ही ठिणगी. त्यानंतर पेशी फुटतात, रक्तातल्या पांढऱ्या पेशी धावून येतात, आणि त्या जंतू मारण्यासाठी वापरायची अस्त्रं इथे जंतू नसतानाच वापरू लागतात.

त्या अस्त्रांत प्राणवायूपासून बनलेले अतिशय चळवळे रेणू असतात. सुपरऑक्साइड, हायड्रोजन पेरॉक्साइड, हायड्रॉक्सिल ही त्यांची नावं. मराठीत त्यांच्यातल्या बहुतेकांना मुक्तकण म्हणतात. त्यांच्याकडे एक इलेक्ट्रॉन कमी असतो आणि तो ते मिळेल तिथून ओरबाडतात: पेशीच्या पातळ तेलकट आवरणातून, प्रथिनांतून, डीएनएमधून. शरीर निरोगी असताना हे कण थोड्या प्रमाणात बनतच असतात आणि त्यांना आवरणारी यंत्रणाही असते. सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज, कॅटलेज, ग्लुटाथायोन, क जीवनसत्त्व, सेलेनियमवर चालणारी विकरं, ही ती यंत्रणा. कणांची पैदास यंत्रणेच्या आवाक्याबाहेर गेली की त्याला ऑक्सिडेटिव्ह ताण म्हणतात. अँटिऑक्सिडंट औषध म्हणजे या यंत्रणेला बाहेरून पाठवलेली कुमक.

स्वादुपिंडाच्या दाहात मुक्तकणांचा हात आहे, हे १९८४ मध्ये अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सच्या सॅन्फी, बल्कली आणि कॅमेरॉन यांनी दाखवलं. त्यांनी कुत्र्याचं स्वादुपिंड शरीराबाहेर काढून, त्यातून रक्त खेळतं ठेवून, त्यात निरनिराळ्या रीतींनी दाह निर्माण केला. रक्तात आधीच सुपरऑक्साइड डिस्म्यूटेज आणि कॅटलेज मिसळलेलं असलं तर सूज कमी येत होती. तिथून अँटिऑक्सिडंटचा मार्ग खुला झाला. पुढच्या वर्षांत एन-ॲसिटिलसिस्टीन, मेलाटोनिन, हळदीतलं कर्क्युमिन अशी कितीतरी द्रव्यं उंदरांवर तपासली गेली, आणि बहुतेकांचे निकाल 'फायदा झाला' असेच आले.

इतकी एकमुखी साक्ष मिळाली की मला थांबून पाहावंसं वाटतं, कारण आजार प्राण्यात आपणच निर्माण केलेला असतो. तो कसा निर्माण करतात हे कळल्याशिवाय निकालाला किंमत देता येत नाही.

सर्वांत जुनी रीत फ्रान्सच्या क्लोद बर्नार यांची. १८५६ मध्ये त्यांनी कुत्र्याच्या स्वादुपिंडाच्या नळीत पित्त आणि ऑलिव्हचं तेल टोचून दाह घडवला. आज त्याच वळणावर उंदराच्या नळीत सोडियम टॉरोकोलेट हा पित्तक्षार उलट्या दिशेने सोडतात. दाह जबर होतो, बरेच प्राणी मरतात. दुसरी रीत एका ऑस्ट्रेलियन झाडबेडकामुळे सापडली. इटलीच्या व्हित्तोरिओ एर्स्पामेर यांनी त्या बेडकाच्या कातडीतून सेरुलीन नावाचं दहा अमिनो आम्लांचं द्रव्य वेगळं केलं. ते आपल्या आतड्यातल्या एका संप्रेरकासारखं वागतं आणि स्वादुपिंडाला रस सोडायला लावतं. १९७७ मध्ये लाम्पेल आणि केर्न या संशोधकांनी दाखवलं की गरजेपेक्षा जास्त सेरुलीन दिलं तर उंदरात दाह होतो. आता उंदराला वजनाच्या किलोमागे ५० मायक्रोग्रॅम या हिशोबाने दर तासाला सुई देणं ही जगभरची रूढ पद्धत झाली आहे. सोपी, स्वस्त, दरवेळी सारखा निकाल देणारी. कॅरिबियनमधल्या त्रिनिदाद बेटावरच्या विंचवाच्या दंशानेही माणसांच्या स्वादुपिंडाला असाच दाह होतो, हे १९७० मध्ये तिथल्या रुग्णांवरून प्रसिद्ध झालं. बेडूक, विंचू आणि कपाशीवरचं कीटकनाशक या तिघांचा मार्ग एकाच जातीचा आहे: अवयवाला थांबू न देता राबवून घ्यायचं.

तिसऱ्या रीतीत उंदराच्या पोटात एल-आर्जिनिन हे साधं अमिनो आम्ल प्रचंड मात्रेत टोचतात. चौथीत कोवळ्या उंदरिणींना कोलीन काढून टाकलेलं आणि इथिओनिन घातलेलं खाद्य देतात.

आता या रीतींची तुलना माणसाच्या आजाराशी करा. सेरुलीनचा दाह सौम्य असतो. सुया थांबवल्या की उंदीर काही दिवसांत आपोआप बरा होतो. म्हणजे ज्या पाच रुग्णांपैकी चौघे तसेही बरे होतात, त्या चौघांचं हे चित्र. ज्या पाचव्याला औषधाची खरी गरज आहे तो या चित्रात नाही. आर्जिनिनच्या रीतीत मुक्तकणांचा वाटा मुळातच मोठा असल्याने तिथे अँटिऑक्सिडंट उठून दिसणारच. आणि कोणत्याही रीतीत पित्ताशयातला खडा नाही, वीस वर्षांची दारू नाही, पन्नाशीचं वय, मधुमेह, कुपोषण यांपैकी काही नाही. प्रयोगशाळेतले उंदीर एका वयाचे, एका वंशाचे, एकच खाद्य खाणारे असतात. प्रयोग स्वच्छ व्हावा म्हणून ते तसेच असावे लागतात. पण त्या स्वच्छतेमुळेच निकाल आपल्या वॉर्डापर्यंत आणताना फार जपावं लागतं.

या पार्श्वभूमीवर के.ई.एम.चा प्रयोग वाचला की त्याची बांधणी दिसते. २८ कुत्रे, चार गट, प्रत्येक गटात सहा ते आठ. पहिला गट तुलनेसाठी. दुसऱ्या गटात ट्रिप्सिन, पित्त आणि रक्त यांचं मिश्रण स्वादुपिंडाच्या नळीच्या तोंडातून आत टोचून दाह घडवला. तिसऱ्या गटातल्या कुत्र्यांवर शस्त्रक्रिया तेवढी केली, आजार दिला नाही. हा गट नवख्या वाचकाला वायफळ वाटेल, पण प्रयोगाचा प्रामाणिकपणा त्याच्यावर उभा आहे. नुसतं पोट उघडल्यानेही रक्तातली विकरं थोडी हलतात. ते हलणं किती आणि खरा दाह किती, हे या गटाशिवाय वेगळं काढता आलं नसतं. चौथ्या गटाला वजनाच्या दर किलोमागे रोज २८ मिलिग्रॅम आवळा पंधरा दिवस दिला आणि मग दुसऱ्या गटासारखाच दाह घडवला.

दुसऱ्या गटात दोन तासांत रक्तातलं ॲमायलेज सरासरी सुमारे ५४२ वरून १५९३ वर गेलं. चौथ्या, आवळ्याच्या गटात लक्षणीय वाढ झाली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाचक पेशींची हानी कमी दिसली, दाहाचा एकूण गुणांक स्पष्टपणे खाली होता, आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकानेही तीच साक्ष दिली. लेखकांनी आवळ्याला औषध म्हणून जाहीर केलं नाही. तो कसा काम करतो आणि रुग्णांना कितपत उपयोगी पडेल यासाठी अधिक अभ्यास हवा, एवढंच ते म्हणाले.

हा संयम मला मोलाचा वाटतो. डहाणूकर झाडांवर जीव असलेल्या लेखिका होत्या; त्यांचं 'फुलवा' आणि 'वृक्षगान' मराठी घरांत वाचलं गेलं. तरीही प्रयोगशाळेत त्यांच्या गटाने आपल्या आवडत्या वनस्पतीला इतर कोणत्याही रसायनासारखीच परीक्षा द्यायला लावली. 'आपल्या पूर्वजांनी सांगितलंय' एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत, आणि 'झाडपाल्यात काय असतं' म्हणून त्यांनी ते टाकूनही दिलं नाही.

आता आवळ्याच्या रसाचे पेले भरू लागण्याआधी मात्रेचा एक हिशोब. कुत्र्याची मात्रा तशीच्या तशी माणसाला लागू होत नाही. शरीराच्या पृष्ठभागाच्या प्रमाणात ती साधारण निम्म्यावर येते. २८ मिलिग्रॅमचे माणसात किलोमागे १५ मिलिग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला ९०० मिलिग्रॅम, आणि तेही प्रयोगात वापरलेल्या त्याच तयारीचे. बाजारातल्या बाटलीत गॅलिक आम्ल किती, एलॅजिक आम्ल किती, टॅनिन किती, साखर किती, हे दर बाटलीला बदलतं. मोरावळ्यात तर साखरच जास्त. आवळ्यात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असतं हे खरं, पण फळ खाणं आणि मोजून मात्रा देणं या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता पुन्हा वेळापत्रकाकडे येऊ. धारणीकडच्या किंवा सेमाडोहजवळच्या एखाद्या गावात संध्याकाळी जेवणानंतर कळ उठली असं धरा. रात्र घरगुती उपायांत जाते. सकाळी प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून घाट उतरून परतवाडा, मग अचलपूरचं उपजिल्हा रुग्णालय. तिथे लक्षणांवरून शंका येते, सलाइन लागतं, आणि गरज पडली तर पन्नासेक किलोमीटरवरच्या अमरावतीला, इर्विन रुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात पाठवलं जातं. अवयव थकू लागलेले असतील तर पुढे नागपूर. यात कुणाचा हलगर्जीपणा असायला लागत नाही. डोंगर आणि अंतरच तेवढं आहे. पण निदान पक्कं होऊन पहिली खास मात्रा शिरेत जाईपर्यंत दिवस उलटलेला असतो. ट्रिप्सिनचं जागं होणं ही पहिल्या काही मिनिटांची आणि तासांची गोष्ट. मुक्तकणांचा पहिला लोंढाही लवकरच येऊन जातो. प्रयोगशाळेत घड्याळ संशोधकाच्या हातात असतं, कारण सुई तोच टोचतो. रुग्णाचं घड्याळ कुणी पाहत नसताना सुरू झालेलं असतं.

हे केवळ मेळघाटचं दुखणं नाही. ब्रिटनमध्ये, जिथे रुग्णवाहिका मिनिटांत दारात येते, तिथेही हीच अडचण आली. लेक्सिपाफँट नावाचं दाहाचा एक निरोप्या रोखणारं औषध प्राण्यांमध्ये उत्तम चाललं होतं. २००१ मध्ये गंभीर आजाराचा धोका असलेल्या २९० रुग्णांवरच्या चाचणीचा निकाल आला. दुखणं सुरू झाल्यापासून ७२ तासांच्या आत आलेल्या रुग्णांना ते दिलं होतं. अवयव निकामी होण्यात फरक पडला नाही.

आणि अँटिऑक्सिडंट? २००७ मध्ये मँचेस्टरच्या सिरिवर्धना यांच्या गटाने गंभीर आजाराच्या ४३ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध केली. काहींना शिरेवाटे एन-ॲसिटिलसिस्टीन, सेलेनियम आणि क जीवनसत्त्व, बाकीच्यांना दिसायला तसंच पण औषध नसलेलं द्रावण. कुणाला काय मिळालं ते ना रुग्णाला माहीत, ना डॉक्टरला. औषध मिळालेल्यांच्या रक्तातली अँटिऑक्सिडंटची पातळी वाढली, ऑक्सिडेटिव्ह ताणाच्या खुणा उतरल्या. म्हणजे प्रयोगशाळेत आपण जे मोजतो ते सगळं सुधारलं. रुग्ण मात्र सुधारले नाहीत. सातव्या दिवशी अवयव बिघडलेल्यांचं प्रमाण औषधाच्या गटात कमी तर नव्हतंच, उलट आकड्याने जास्त होतं, जरी एवढ्या छोट्या संख्येत तो फरक योगायोगाचाही असू शकतो.

हा निकाल मी पुन्हा पुन्हा वाचावा असा मानतो, कारण उंदरांवरच्या बहुसंख्य अभ्यासांचं यश नेमक्या याच खुणांवर ठरवलेलं असतं: मॅलॉनडायअल्डिहाइड किती उतरलं, ग्लुटाथायोन किती वाढलं, मायलोपेरॉक्सिडेज किती कमी झालं. मुक्तकण आजाराचं कारण आहेत की आजाराची राख, हा प्रश्न त्या खुणांनी सुटत नाही. शिवाय मुक्तकण निव्वळ शत्रूही नाहीत. मेलेल्या पेशी हटवायला आणि जंतूंना रोखायला शरीर त्यांचाच वापर करतं. दुखण्याच्या चौथ्या दिवशी त्यांना सरसकट गप्प करणं हिताचं आहे का, याचं उत्तर पहिल्या तासाच्या प्रयोगातून मिळणार नाही.

दीर्घकालीन पॅन्क्रियाटायटिसची, म्हणजे वर्षानुवर्षं ठणकणाऱ्या दुखण्याची गोष्ट थोडी निराळी आहे. तिथे २००९ मध्ये दिल्लीच्या एम्समधून १२७ रुग्णांचा निकाल आला आणि अँटिऑक्सिडंटच्या गोळ्यांनी वेदनेचे दिवस कमी झाले. २०१२ मध्ये मँचेस्टरहून आलेल्या अशाच चाचणीत मात्र वेदना कमी झाली नाही. दिल्लीचे रुग्ण तरुण होते, बऱ्याच जणांना दारूचा संबंध नव्हता. मँचेस्टरचे वयाने मोठे आणि बहुतांशी दारूमुळे आजारी. माणसामाणसांतच एवढा फरक पडतो, तर उंदरावरून माणसावर उडी घेताना किती सावध राहावं लागेल.

म्हणून प्राण्यांवरचे प्रयोग बंद करावेत का? नाही, पण ते वेगळ्या रीतीने व्हावेत. औषध आजारानंतर द्यावं, आणि एकदा नव्हे, दोन तासांनी, सहा तासांनी, चोवीस तासांनी देऊन पाहावं. किती उशिरापर्यंत ते उपयोगी राहतं हे आलेखावर दिसावं. निदान दोन वेगळ्या रीतींनी घडवलेल्या दाहात ते तपासावं, एक सौम्य आणि एक जबर. कोणता प्राणी कोणत्या गटात जाईल ते चिठ्ठीने ठरावं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली काच पाहणाऱ्याला गट माहीत नसावा. फुप्फुसं आणि मूत्रपिंडंही तपासावीत, कारण रुग्ण दगावतो तो त्यांच्यामुळे. आणि निकाल 'काही फायदा नाही' असा आला तरी तो छापावा. न छापलेल्या प्रयोगापायी पुढची प्रयोगशाळा पुन्हा तेवढेच जीव घेते.

जीव हा शब्द मी मुद्दाम वापरतो. स्वादुपिंडाचा दाह माणसाला किती यातना देतो ते ज्याने पाहिलंय, त्याला प्राण्यात तो घडवण्याचा अर्थ समजतो. आपल्याकडे १९६० च्या प्राणी क्लेश प्रतिबंधक कायद्याखाली १९९८ मध्ये प्राण्यांवरील प्रयोगांचे नियम आले. आज प्रत्येक संस्थेत नीतिसमिती असावी लागते, किती प्राणी लागतील आणि का लागतील ते आधी लिहून द्यावं लागतं, आणि कुत्र्यासारख्या मोठ्या प्राण्यासाठी संस्थेबाहेरच्या केंद्रीय समितीची परवानगी लागते. या साऱ्याच्या मुळाशी इंग्लंडच्या रसेल आणि बर्च यांनी १९५९ मध्ये मांडलेली तीन सूत्रं आहेत: शक्य तिथे प्राण्याला पर्याय शोधा, संख्या कमी करा, यातना कमी करा. २०२३ मध्ये भारताने नव्या औषधांच्या नियमांत दुरुस्ती करून पेशींवर आणि संगणकावर होणाऱ्या चाचण्यांनाही प्राणिप्रयोगांच्या जोडीने मान्यता दिली. वेदनाशामक न देता घडवलेला दाह मला आज समर्थनीय वाटत नाही, मग तो उंदरात का असेना.

तोवर रुग्णासाठी काय आहे? औषधापेक्षा शिस्त. २०२२ च्या वॉटरफॉल चाचणीने दाखवलं की सलाइनचा भडिमार करण्याने फायदा होत नाही, उलट अंगात पाणी साचल्याचे रुग्ण तिपटीने वाढतात: २०.५ टक्के विरुद्ध बेतानेच दिलेल्यांत ६.३ टक्के. वेदना नीट शमवायची, उलट्या थांबल्या की लवकर खायला द्यायचं. कारण खडा असेल आणि आजार सौम्य असेल, तर त्याच भरतीत पित्ताशय काढून घ्यायचं. नेदरलँड्समधल्या चाचणीत ते लांबणीवर टाकणाऱ्यांपैकी १७ टक्क्यांना पुन्हा त्रास झाला, लगेच काढणाऱ्यांपैकी फक्त ५ टक्क्यांना. 'आता बरं वाटतंय, कापूस वेचून झाला की येतो' असं म्हणून घरी जाणाऱ्याला घरच्यांनी हे दोन आकडे सांगावेत.

आणि आजाराआधी दिलेलं औषध अगदीच निरुपयोगी आहे का? इथे एक दार उघडं आहे, आणि के.ई.एम.चा प्रयोग मला त्या दाराशी नेतो. पॅन्क्रियाटायटिसचा एक प्रकार असा आहे की त्याची वेळ आधी माहीत असते. पित्तनलिकेत अडकलेला खडा तोंडातून दुर्बीण घालून काढतात, त्या ईआरसीपी प्रक्रियेनंतर काही रुग्णांच्या स्वादुपिंडाला सूज येते. तिथे घड्याळ पुन्हा डॉक्टरच्या हातात येतं. आणि नेमकं तिथेच एक साधं औषध यशस्वी ठरलं आहे: २०१२ मध्ये धोका जास्त असलेल्या ६०२ रुग्णांवरच्या चाचणीत प्रक्रियेनंतर लगेच गुदमार्गे इंडोमेथॅसिन दिलं, तर दाहाचं प्रमाण १६.९ टक्क्यांवरून ९.२ वर आलं. अँटिऑक्सिडंटचीही इथे परीक्षा झाली. एन-ॲसिटिलसिस्टीन उपयोगी ठरलं नाही, ॲलोप्युरिनॉलच्या चाचण्यांचे निकाल एकमेकांशी जुळले नाहीत. मात्र ती औषधं प्रक्रियेच्या काही तास आधी दिलेली होती, पंधरा दिवस आधी नव्हे.

याच के.ई.एम. गटाने १९९३ मध्ये पित्तनलिका अडून कावीळ झालेल्या ३० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. साचलेलं पित्त नळीने बाहेर काढण्याच्या, शस्त्रक्रियेआधीच्या काळात अर्ध्यांना नेहमीच्या उपचारांसोबत गुळवेल दिली. गुळवेलीच्या गटात रक्तात जंतुदोष पसरला नाही. दुसऱ्या गटात तो निम्म्यांना झाला. संख्या लहान आहे, पण रचना नेमकी आहे: धोक्याचा दिवस आधी ठरलेला, आणि तोवरचा काळ औषधाच्या हवाली. आवळ्याची पुढची परीक्षा मी याच धर्तीवर मांडेन. ज्या रुग्णांची ईआरसीपी तातडीची नाही आणि तारीख पंधरवड्यावर ढकलता येते, त्यांच्यात चिठ्ठ्या टाकून दोन गट करायचे. इंडोमेथॅसिन दोघांनाही, आणि एका गटाला प्रमाणित केलेला आवळ्याचा अर्क, दुसऱ्याला तशाच रंगाची, चवीला तशीच तुरट गोळी.